प्रशांत भूषण टूजीत जिंकले आणि डायऱ्यांत हरले, हा फरक कशामुळे?

भीमथडी

सुप्रीम कोर्टातले वकील प्रशांत भूषण यांचं नाव निघालं की वाद ठरलेला. एका गटाला ते सत्तेला जाब विचारणारे शेवटचे वकील वाटतात, दुसऱ्याला जनहित याचिकांचा कारखाना. दोन्हींचा कंटाळा आलाय, म्हणून कामापुरतं विचारतो.

टूजी मोबाइल सेवेचे १२२ परवाने सुप्रीम कोर्टात त्यांच्या याचिकेवर रद्द झाले, मुख्य दक्षता आयुक्त पी. जे. थॉमस यांची नेमणूक गेली, पक्षांना निनावी देणग्या देणाऱ्या निवडणूक रोख्यांची योजनाही गेली. पण सहारा-बिर्ला डायऱ्या, राफेल विमानखरेदी, सीबीआय विशेष न्यायालयाचे न्या. लोया यांचा नागपुरातला मृत्यू इथे कोर्टाने रिकाम्या हाताने परत पाठवलं. वकील तोच, कोर्ट तेच. बेंच बदललं की निकाल बदलतो, हे उत्तर ऐकून झालंय. त्यापलीकडे कागदांत, मागणीत किंवा मार्ग निवडण्यात काही फरक दिसतो का?

दुसरं, महाराष्ट्रातही मंत्री-मुख्यमंत्र्यांविरुद्ध कोर्टात जाणारे वकील आणि कार्यकर्ते आहेतच. अशा लढाईचे कायद्यातले रस्ते नेमके किती, आणि ती बहुतेक वेळा कुठे अडते? जाणकारांनी लिहावं. ‘सगळे विकले गेलेत’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

दफ्तरी

आधी एक बघा. भूषण यांच्या गाजलेल्या बहुतेक याचिकांत पहिला प्रतिवादी भारत सरकार असतं, मंत्री नसतो. याचिकाकर्तेही सहसा ते स्वतः नसतात. सेंटर फॉर पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन (सीपीआयएल), कॉमन कॉज किंवा असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) यांपैकी कुणीतरी असतं. सीपीआयएलचे संस्थापक न्या. वि. म. तारकुंडे. मूळचे सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. संस्था पुढे ठेवण्यामागे सोय आहे. वकील स्वतःच पक्षकार किंवा साक्षीदार झाला की त्याच प्रकरणात उभं राहणं अडचणीचं होतं, आणि ‘यात तुमचं वैयक्तिक काय?’ हा पहिला आक्षेप संस्थेला फारसा चिकटत नाही.

आता टूजी. दूरसंचार खात्याने अर्जांची शेवटची तारीख आधी जाहीर केली १ ऑक्टोबर २००७, आणि नंतर ती मागे ओढून २५ सप्टेंबर केली. १० जानेवारी २००८ ला दुपारी प्रसिद्धिपत्रक काढून त्याच दुपारी परवान्यांची इरादापत्रं न्यायला बोलावलं. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ याचा अर्थही फिरवला: अर्ज आधी कुणी केला याऐवजी पैसे आणि हमी आधी कुणी भरली हे बघायचं. काही कंपन्यांकडे डिमांड ड्राफ्ट आधीपासून तयार होते. देशभराच्या परवान्याची किंमत मात्र २००१ चीच, १,६५८ कोटी. यातला प्रत्येक तुकडा सरकारच्याच फायलीत होता. प्रसिद्धिपत्रक सरकारचं, टिप्पण्या सरकारच्या, वर नोव्हेंबर २०१० चा कॅगचा अहवाल. कुणी लाच घेतली हे कोर्टाला ठरवायचंच नव्हतं. प्रक्रिया मनमानी होती का, घटनेच्या कलम १४ ला (समानतेच्या हक्काला) धरून होती का, एवढाच प्रश्न. २ फेब्रुवारी २०१२ ला न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी १२२ परवाने रद्द केले.

याच व्यवहाराचा फौजदारी खटला विशेष न्यायालयात चालला. २१ डिसेंबर २०१७ ला न्या. ओ. पी. सैनी यांनी ए. राजांसह सगळ्यांना निर्दोष सोडलं. लोकांना हे परस्परविरोधी वाटतं, पण तसं नाही. रिटमध्ये, म्हणजे सरकारच्या निर्णयाला वरच्या कोर्टात थेट दिलेल्या आव्हानात, कागदावरून निर्णय चुकीचा ठरवता येतो. खटल्यात माणसाचा हेतू आणि त्याच्या हातात पोचलेला पैसा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तोही साक्षीदार उलटतपासात टिकल्यावर.

थॉमस प्रकरण तर याहून स्वच्छ. केरळच्या पामोलिन आयात प्रकरणात त्यांचं नाव होतं. ते दोषी आहेत असं सीपीआयएलने म्हटलंच नाही. त्यांच्यावर कारवाई सुचवणाऱ्या कार्मिक विभागाच्या २००० ते २००४ दरम्यानच्या टिप्पण्या पंतप्रधान, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेत्यांच्या निवड समितीपुढे ठेवल्याच नव्हत्या, म्हणून शिफारसच बाद, एवढाच मुद्दा. ३ मार्च २०११ ला नेमणूक गेली. मागितलं तेवढंच मिळालं, आणि जे मिळू शकतं तेवढंच मागितलं होतं.

सहारा-बिर्लात हा तोल सुटला. या दोन उद्योगसमूहांवरच्या आयकर आणि सीबीआयच्या छाप्यांत सुटे कागद, ई-मेल, तक्ते सापडले. त्यांत अनेक पक्षांच्या नेत्यांच्या नावापुढे रकमा. मागणी होती विशेष तपास पथकाची. पण या कागदांना १९९८ चा व्ही. सी. शुक्ला निकाल, म्हणजे जैन हवाला, नेत्यांच्या नावांच्या डायऱ्यांचंच आधीचं प्रकरण, आडवा आला. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे व्यवसायात नियमित ठेवलेली हिशेबाची वहीच ग्राह्य, सुटे कागद म्हणजे वही नव्हे, आणि वही असली तरी निव्वळ नोंदीवर कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात आयकर समझोता आयोगाने सहाराचे कागद भरवशाचे नाहीत हे कंपनीचं म्हणणं आधीच उचललेलं. कोर्टाने नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगून पाहिलं की ठोस काहीतरी आणा. ११ जानेवारी २०१७ ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. अमिताव रॉय यांनी अर्ज फेटाळला. निकाल पटो न पटो, ‘शुक्ला’ला उत्तर देणारा पूरक कागद याचिकेत नव्हता हे मान्य करावं लागेल. माझं मत: तपास मागताना शिक्षेइतका पुरावा लागू नये, इथे कोर्टाने पट्टी जरा जास्तच वर नेली. पण पट्टी तिथे आहे हे १९९८ पासून सगळ्यांना ठाऊक होतं.

आता याच्या शेजारी सीबीआय संचालक रणजित सिन्हांच्या घरची भेटनोंद वही ठेवा. तीही एका अर्थी डायरीच. बंगल्यावरच्या पहारेकऱ्यांनी लिहिलेली, कुणी निनावी माणसाने आणून दिलेली. कोर्टाने सीलबंद लिफाफ्यात त्याचं नाव मागितलं, याचिकाकर्त्या सीपीआयएलने नकार दिला. तरीही २० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टाने सिन्हांना टूजीच्या तपासातून दूर केलं. कारण जोडपुरावा होता: टूजीचे विशेष सरकारी वकील आनंद ग्रोव्हर यांनीच संचालक खटल्यात ढवळाढवळ करत असल्याचं कोर्टाला सांगितलं. शिवाय मागणीही छोटी, या माणसाला या तपासापासून लांब ठेवा एवढीच.

नारायणपेठी

दफ्तरींचा प्रतिसाद चांगला आहे, पण भूषण यांना फार मऊ हाताने धरलंय.

लोया प्रकरणात नागपूरच्या रविभवनात सोबत असलेल्या न्यायाधीशांची लेखी निवेदनं रेकॉर्डवर होती. ती खोटी म्हणायची तर हयात न्यायाधीश खोटं बोलतात असं म्हणावं लागतं, आणि तेही उलटतपासाची सोय नसलेल्या रिट कोर्टात. १९ एप्रिल २०१८ चा निकाल म्हणूनच इतका कडक आला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाजूने निकालासाठी न्यायाधीशांना लाच देण्याचा कट असल्याच्या प्रकरणात तर एकाच विषयाच्या दोन याचिका दोन दिवसांत वेगवेगळ्या बेंचपुढे गेल्या, त्यातल्या एकीची याचिकाकर्ती भूषण यांचीच न्यायालयीन उत्तरदायित्वाची मोहीम. १ डिसेंबर २०१७ ला २५ लाखांचा दंड बसला. बेंच निवडण्याचा प्रयत्न झाल्याचं कोर्टाला वाटलं की मुद्दा कितीही खरा असो, तो वाहून जातो. हे तीस-चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

दुसरं, राजकारण. २०११ मध्ये अण्णांच्या आंदोलनाच्या लोकपाल मसुदा समितीत शांती भूषण आणि प्रशांत भूषण दोघे होते. २०१२ मध्ये आम आदमी पक्ष, २०१५ मध्ये तिथून हकालपट्टी. पक्ष काढलेला वकील दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याविरुद्ध जनहित म्हणून उभा राहिला की समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. त्यापूर्वीच्या याचिकांत हा आक्षेप घ्यायला जागाच नव्हती.

दफ्तरी

२५ लाखांबद्दल सहमत, ती चाल अंगाशी आली. राजकारणाबद्दल अर्धवट सहमत. एडीआरसाठी रोख्यांवर बाजू मांडली ती पक्ष सुटल्यावरच, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. स्टेट बँकेने मुदत मागितली ती ११ मार्चला फेटाळली गेली, आणि त्याच महिन्यात देणगीदार आणि पक्ष यांची जुळणी करणारे क्रमांकसुद्धा बाहेर आले.

लगेच कॉमन कॉज आणि सीपीआयएल यांनी पुढची याचिका केली: देणगी आणि कंत्राट यांच्या देवाणघेवाणीचा तपास पथकाकडून करा. २ ऑगस्ट २०२४ ला ती फेटाळली. फौजदारी कायद्यातले नेहमीचे उपाय असताना थेट आमच्याकडे का आलात, असं कोर्ट म्हणालं. विषय एक, वकील एक, सरन्यायाधीशही तेच, अंतर साडेपाच महिन्यांचं. भीमथडी, तुमच्या प्रश्नाला याहून नेमका नमुना सापडणार नाही. योजना घटनाबाह्य ठरवणं हे सुप्रीम कोर्टाचं रोजचं काम, अमक्याने तमक्याला लाच दिली का हे शोधणं नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. रस्ते चार, आणि चारींची कुलपं वेगळी.

*निवडणूक याचिका.* हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक रस्ता. प्रशांत भूषण यांचे वडील शांती भूषण यांनी राजनारायण यांच्यासाठी हीच चालवली आणि १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवड रद्द केली. त्यात टिकलेले मुद्दे ऐकायला किरकोळ: राजपत्रित अधिकारी असलेल्या यशपाल कपूर यांचं निवडणुकीतलं काम आणि सरकारी यंत्रणेने उभारलेली व्यासपीठं. पण कायद्यात ते भ्रष्ट आचरण म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं. निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत हायकोर्टात दाखल करावी लागते, ४६ व्या दिवशी माफी नाही. करणारा त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवारच हवा. अनामत फक्त २,००० रुपये. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं आणि कुणी, कुठे, कोणत्या तारखेला हे सगळं लिहावं लागतं. ‘पैसे वाटले’ एवढ्यावर याचिका पहिल्याच अर्जात उडते. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात पुष्कळ याचिका विधानसभेची मुदत संपल्यावर निकाली निघतात.

*उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र.* नागपूरचे वकील सतीश उके यांनी देवेंद्र फडणवीसांविरुद्ध लढवलं ते हे. २०१४ च्या नमुना २६ मधल्या प्रतिज्ञापत्रात कोर्टाने दखल घेतलेली (म्हणजे खटल्यासाठी स्वीकारलेली) दोन जुनी प्रकरणं दाखवली नाहीत, अशी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली खाजगी फिर्याद. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी फेटाळली, सत्र न्यायालयाने फेरविचाराला परत पाठवली, हायकोर्टाने पुन्हा फेटाळणी कायम केली, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला. नुसती दखल घेतलेली प्रकरणंही दाखवावी लागतात, हा कायद्याचा मुद्दा तिथे पक्का झाला. पुढे खटला चालून ८ सप्टेंबर २०२३ ला फडणवीस निर्दोष सुटले. म्हणजे कायदा जिंकला, खटला हरला.

या कलमाचा आवाका ओळखून मगच उतरावं. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे गुन्हा अदखलपात्र, पोलीस स्टेशनला जाऊन उपयोग नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद. आणि एक वर्षाच्या आत दाखल करायची, कारण एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखलीची मुदत तेवढीच. पाच वर्षांनी पुढच्या निवडणुकीआधी जुनं प्रतिज्ञापत्र उकरून काढणारे इथेच आपटतात. दोषी ठरला तरी आपोआप आमदारकी जात नाही, त्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षांची शिक्षा लागते. जोडायचे कागद तीन: प्रतिज्ञापत्राची प्रमाणित प्रत, जुन्या केसमध्ये दखल घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत, आणि उमेदवाराला ती केस ठाऊक होती हे दाखवणारं काहीतरी. त्याने घेतलेला जामीन, दिलेलं वकीलपत्र. तिसरा कागद लोक विसरतात आणि हेतूच्या मुद्द्यावर सगळं ढासळतं.

*भ्रष्टाचाराची फिर्याद.* इथे वाट अंतुले प्रकरणाने पाडली. १२ जानेवारी १९८२ ला न्या. लेंटिन यांनी सिमेंट वाटपाच्या याचिकेत मुख्यमंत्र्यांविरुद्ध निकाल दिला, राजीनामा झाला. समांतर चाललेल्या रामदास नायक यांच्या खाजगी फिर्यादीवर १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या: अशी फिर्याद कोणीही नागरिक करू शकतो, आणि माणूस त्या पदावर राहिला नसेल तर खटल्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही. दुसरी सोय २०१८ च्या दुरुस्तीने काढून घेतली. आता पद सोडल्यावरही त्या काळातल्या कृत्यासाठी मंजुरी हवी. त्यात कलम १७अ ची भर पडली: मंत्र्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशीसुद्धा पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येत नाही. या कलमालाच सीपीआयएलने आव्हान दिलं ते उगाच नाही. राफेलमध्ये नेमकं हेच घडलं. अरुण शौरी, यशवंत सिन्हा आणि भूषण यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये सीबीआयकडे तक्रार दिली. फेरविचार याचिका १४ नोव्हेंबर २०१९ ला फेटाळली गेली तेव्हा न्या. जोसेफ यांनी वेगळ्या निकालपत्रात लिहिलं की सीबीआयला पुढे जाता येईल, पण १७अ ची परवानगी घेऊन. परवानगी देणार कोण? सरकार.

*हायकोर्टाकडून चौकशीचा आदेश.* ताजं आणि यशस्वी उदाहरण म्हणजे ॲड. जयश्री पाटील यांची तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांविरुद्धची याचिका. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांचं देशमुखांवर वसुलीचा आरोप करणारं पत्र २० मार्च २०२१ चं. पाटील यांनी दुसऱ्याच दिवशी मलबार हिल पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली आणि मग हायकोर्टात गेल्या. सिंग थेट कोर्टात आले, तेव्हा पहिला प्रश्न आला, गुन्हा नोंदवायला गेलात का? ५ एप्रिलला सीबीआयला १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याचा आदेश झाला तो पाटील यांच्या याचिकेवर, सिंग यांच्या नव्हे. त्याच दिवशी गृहमंत्र्यांचा राजीनामा. ८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप नाकारला. आरोपांचा सगळा मसाला माजी पोलीस आयुक्तांकडे आणि पोलीस स्टेशनची पोच वकीलबाईंकडे, पोच जिंकली. (पाटील यांच्या मराठा आरक्षणाविरुद्धच्या याचिकेमुळे त्यांच्याबद्दल इथे बरीच मतं असतील. ती त्या धाग्यावर मांडा.)

भीमथडी

दफ्तरी, वऱ्हाडी ठेचा, दोघांचेही आभार. पोचेचा मुद्दा डोक्यात बसला. आता एवढंच: मागणी बरोबर, मार्ग बरोबर, तरी कागदांवरून याचिका पडते ती कशी? आणि भूषण यांच्यावरचा कोर्टाच्या अवमानाचा खटला पाहता, अशा वकिलाला जाहीर बोलताना कायद्याने मर्यादा किती?

कोर्टकचेरी

कागद कुठून आणायचे इथून सुरुवात करतो, कारण ऐंशी टक्के लढाई तिथे असते आणि लोक ती टाइपिंगच्या दुकानात सुरू करतात.

माहिती अधिकारात ‘अमुक प्रकरणाची संपूर्ण माहिती द्या’ असं मागू नका. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा हवा. आधी फक्त नस्तीचं (फायलीचं) अवलोकन मागा. समोर बसून टिप्पणी भाग आणि पत्रव्यवहार भाग, दोन्हींचे पान क्रमांक उतरवून घ्या, मग नेमक्या पानांच्या प्रती मागा. प्रत दोन रुपये पान. थॉमस प्रकरण टिप्पणी भागावर जिंकलं गेलं, आणि लोक मागतात फक्त अंतिम आदेश. टिप्पण्यांची पानं सलग आहेत का ते तपासा. मधलं पान क्रमांक बदलून घातलेलं दिसलं तर तोच स्वतंत्र मुद्दा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. चौकशी चालू आहे म्हणून नकार आला तर तोच नकार याचिकेला जोडा, चौकशी खरंच चालू आहे का हे सरकारला शपथेवर सांगावं लागेल.

व्हॉट्सॲपचे फोटो, पेनड्राइव्ह, ध्वनिमुद्रण. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं: एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, हॅश व्हॅल्यूसह (म्हणजे फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक क्रमांकासह). मूळ फोन विकून टाकल्यावर हे प्रमाणपत्र द्यायला कोणी उरत नाही. सामग्री हातात आली त्याच दिवशी हॅश काढून ठेवायची.

तक्रारीचा क्रम आता नव्या फौजदारी संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, असा: पोलीस स्टेशनला लेखी तक्रार आणि पोच, नोंद नाही झाली तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे, त्याचीही पोच, मग प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज. जुन्या संहितेतलं १५६(३) म्हणजे हेच. लोकसेवकाविरुद्ध असेल तर १७५(४) लागतं: वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या लोकसेवकाचं म्हणणंही विचारात घ्यायचं. खाजगी फिर्यादीतही कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला ऐकावं लागतं. पूर्वी मंत्र्याला समन्स गेल्यावर कळायचं, आता त्याचा वकील पहिल्या तारखेपासून हजर असतो. एक पायरी गाळून वर गेलात की ‘पर्यायी उपाय उपलब्ध’ या तीन शब्दांत काम संपतं, रोख्यांच्या दुसऱ्या याचिकेचं झालं तसं.

खुद्द याचिका. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या नियमांत जनहित याचिकाकर्त्याला पत्ता, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, पॅन आणि याच विषयाशी संबंधित कुठलीही दुसरी केस चालू आहे का हे सगळं द्यावं लागतं. मुंबई हायकोर्टाचे २०१० चे जनहित याचिका नियमही त्याच वळणाचे. दुसरी केस लपवली आणि सरकारी वकिलाने ती काढून दाखवली की पुढचं कोणी वाचत नाही. चुलतभावाचा त्याच टेंडरमधला अर्ज सुद्धा सांगून टाकलेला बरा.

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी पडताळणीचा परिच्छेद असतो: परिच्छेद अमुक ते अमुक माझ्या माहितीतले, अमुक कागदांवरून, अमुक कायदेशीर सल्ल्यावरून. सगळ्या ४० परिच्छेदांना ‘माझ्या माहितीप्रमाणे खरे’ लिहून मोकळं होणं ही सर्रास चूक. वर्तमानपत्रातून कळलेली गोष्ट स्वतःच्या माहितीची म्हणून शपथेवर सांगितली, तर खोट्या प्रतिज्ञापत्राचा अर्ज उलट तुमच्यावर येतो. बातमी हा पुरावा नाही. बातमीवरून मूळ आदेशाचा जावक क्रमांक शोधायचा आणि तो आदेश जोडायचा. मराठी जोडपत्रांची इंग्रजी भाषांतरं लागतात, दिल्लीत तर त्याशिवाय कार्यालयीन आक्षेप निघतच नाहीत. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव यांचं भाषांतर महसुलाची भाषा जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. ‘पोटखराबा’चं (लागवडीला अयोग्य जमिनीचं) भलतंच काहीतरी झालेलं असलं की सुनावणीची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

मागण्या लिहिताना उतरत्या क्रमाने लिहा. तपास पथक वर ठेवलंत तरी खाली ‘आमच्या अमुक तारखेच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा’ ही साधी मागणी असूच द्या. सगळ्यात जास्त वेळा हीच मिळते. हायकोर्ट मुदत घालून निकाली काढतं, मुदत उलटली की अवमान याचिकेचा रस्ता उघडतो. प्रतिवादींत मंत्र्याचं नाव घालायचं तर त्याच्यावर व्यक्तिशः द्वेषबुद्धीचा आरोप तपशिलासह हवा, नाहीतर प्रधान सचिवांमार्फत राज्य शासन पुरे. नाव घालून तपशील न देणं म्हणजे समोरच्याला पहिला अर्ज लिहून देणं.

अवमानाचं. २७ आणि २९ जून २०२० ची भूषण यांची दोन ट्वीट्स. एक मागच्या सहा वर्षांतल्या चार सरन्यायाधीशांच्या भूमिकेवर, दुसरं नागपुरात हार्ले डेव्हिडसनवर बसलेल्या तेव्हाच्या सरन्यायाधीश बोबडे यांच्या फोटोवर. दुसऱ्यात हेल्मेट नसल्याचा टोमणा होता. गाडी स्टँडवर उभी होती, त्यामुळे तेवढ्या भागाबद्दल भूषण यांनी प्रतिज्ञापत्रात खेद नोंदवला. बाकी एक शब्द मागे घेतला नाही. १४ ऑगस्टला दोषी, ३१ ऑगस्टला एक रुपया दंड. १५ सप्टेंबरपर्यंत न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षं त्या कोर्टात वकिलीला बंदी. रुपया त्यांनी मुदतीत भरला आणि फेरविचार अर्जही केला.

त्यातून घेण्यासारखं असं. अवमान कायद्यात कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद आणि २,००० रुपये दंड. वकिलीची सनद अवमानाच्या शिक्षेत काढता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा, हे १९९८ मध्ये घटनापीठाने ठरवलंय. आपल्यापुढे उभं राहू द्यायचं की नाही एवढंच कोर्ट ठरवू शकतं. निकालावर कितीही कडक टीका चालते. न्यायाधीशाचा हेतू काढला की कलम लागायला सुरुवात होते. नर्मदा आंदोलनाच्या वेळीही भूषण, मेधा पाटकर आणि अरुंधती रॉय यांना एकदम नोटीस गेली होती. निदर्शनांवरून केलेली ती याचिका टिकली नाही, पण रॉय यांच्या उत्तराच्या प्रतिज्ञापत्रातल्या मजकुरावरून नवी कारवाई उभी राहिली आणि मार्च २००२ मध्ये त्यांना एक दिवसाची कैद आणि २,००० रुपये दंड झाला. म्हणून अवमान नोटिशीचं उत्तर वकिलाने स्वतः लिहू नये, दुसऱ्याकडून लिहून घ्यावं. भूषण यांच्यासाठीही राजीव धवन आणि दुष्यंत दवे उभे राहिले होते.

नारायणपेठी

‘ऐंशी टक्के’ कुठून काढले ते सोडा, पण मागण्यांच्या क्रमाशी सहमत. एक भर: प्रकरण दाखल झाल्यावर तारखेआधी पत्रकार परिषद घेऊ नका. याचिकेची प्रत प्रतिवादीला पोचायच्या आत वर्तमानपत्रात आली की प्रसिद्धीसाठीची याचिका म्हणून सुनावणी सुरू होते. भूषण यांचं तिथे निभावतं, कारण त्यांच्या खात्यावर टूजी जमा आहे. नवख्या वकिलाच्या खात्यावर काय असतं?

वऱ्हाडी ठेचा

बरोबर. आणि भीमथडी, निवडणुकीचं काही मनात असेल तर आधी कॅलेंडर बघा. ४५ दिवस निकाल जाहीर झालेल्या तारखेपासून, शपथविधीपासून नव्हे. हायकोर्टाला सुट्टी लागलेली असेल तर फायलिंगचा काउंटर कोणत्या दिवशी उघडा आहे ते आधीच विचारून ठेवा. शेवटच्या दोन दिवसांवर विसंबू नका. प्रतिवादींच्या संख्येइतक्या प्रती, प्रत्येकीवर याचिकाकर्त्याने स्वतः ‘खरी प्रत’ लिहून केलेली सही. ही सही राहिली म्हणून गेलेल्या निवडणूक याचिका कायद्याच्या अहवालांत ढिगाने सापडतील.